किटकॅट ठेवायचा की काढायचा?

शाळेत व्यवसाय शिक्षण शिकवणाऱ्याला अभ्यासक्रम हा कायम वरून येणारा कागद असतो. जूनमध्ये येतो, आपण तो कपाटाच्या दाराला आतून चिकटवतो आणि मिळेल त्या साहित्यात जमेल तेवढं उरकतो. गेल्या वर्षी मात्र मुख्याध्यापकांनी बोलावून एक पत्र हातात ठेवलं. मल्टी स्किल विषयाचा अभ्यासक्रम आणि मूल्यमापनाचे निकष सुधारायचे आहेत, त्यासाठी प्रत्यक्ष वर्गावर असणारे प्रशिक्षक हवेत, येताना प्रात्यक्षिकांच्या नोंदी घेऊन यावं, असा मजकूर. सर एवढंच म्हणाले, "जाऊन या. पण नववीचं युनिट राहिलंय, त्याची काहीतरी सोय लावून जा."

मी पारनेर तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत नववी-दहावीला हा विषय शिकवतो. नातेवाइकांना सांगताना नेहमी पंचाईत होते. वायरिंग शिकवतो म्हटलं तर 'मग चिक्की कुठून आली?' आणि चिक्की शिकवतो म्हटलं तर 'गाईचं वजन कशाला काढता?' याचं मूळ शिरूर तालुक्यातल्या पाबळला आहे. हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन केंद्रातली नोकरी सोडून डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ साली तिथे विज्ञान आश्रम सुरू केला. त्या कामातून 'मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख', म्हणजे शाळांच्या बोलीत आयबीटी, हा विषय उभा राहिला. त्याचे चार विभाग: अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य. आठवड्यातला एक दिवस मुलांनी हातानं काम करायचं, शक्यतो गावातल्याच जाणकार कारागिरानं शिकवायचं आणि जे बनेल ते गावाच्या उपयोगी पडायला हवं. पुढे २०१३ मध्ये राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखडा आला. सगळे शालेय व्यवसाय विषय त्या साच्यात बसवायचं ठरलं आणि याच चार विभागांवर 'मल्टी स्किल'चा अंगरखा चढला.

कार्यशाळा पुण्यात होती. सकाळचं सत्र सादरीकरणांचं. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० म्हणतं की २०२५ पर्यंत शाळा-महाविद्यालयांतल्या किमान निम्म्या विद्यार्थ्यांना व्यवसाय शिक्षणाचा अनुभव मिळालेला असावा. ही स्लाइड आली तेव्हा २०२५च चालू होतं, त्यामुळे मागच्या रांगांत जरा चुळबुळ झाली. मग २०२३चा शालेय शिक्षणाचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा. त्यात कामाचे तीन प्रकार सांगितलेत: सजीवांसोबतचं काम, यंत्रं आणि साहित्यासोबतचं काम, मानवी सेवांमधलं काम. सहावी ते आठवीच्या मुलांनी दर वर्षी प्रत्येक प्रकारातला एकेक प्रकल्प करायचा. हे ऐकताना मला बरं वाटलं. पाबळचे चार विभाग या तीन खणांत फारशी ओढाताण न करता बसतात. म्हणजे विषय मोडीत काढायचा नव्हता, निकष नीट करायचे होते.

गट पाडले गेले. मी ऊर्जा-पर्यावरण गटात. आमच्यात तीन-चार प्रशिक्षक, आयटीआयचे एक शिल्पनिदेशक, अध्यक्ष म्हणून एक निवृत्त प्राचार्या आणि उद्योगाचे प्रतिनिधी म्हणून एक इलेक्ट्रिकल ठेकेदार. अशा बैठकांना उद्योगाचे प्रतिनिधी चहापर्यंत थांबतात असा माझा अनुभव. हे गृहस्थ शेवटपर्यंत बसले. अख्ख्या गटात सर्वांत उपयोगी माणूस कोण म्हणाल, तर तेच.

पहिलीच ठिणगी पडली ती क्रियापदांवरून. जुन्या कागदावर पहिला निकष होता: 'विद्यार्थ्याला घरगुती वायरिंग समजते.' ठेकेदारांनी पेन खाली ठेवलं.

"मॅडम, समजते म्हणजे काय? माझ्या भाच्यालाही समजते. त्याच्या हातात पक्कड दिली की वायर सोलताना निम्मं तांबं तोडून ठेवतो."

"मग तुम्ही कसं लिहाल?" मॅडमनी विचारलं.

ते थेट टेबलाखाली वाकले, पिशवीतून वायरचा तुकडा काढला आणि सोलून दाखवला. वरचं आवरण निघालं, आतली एकही तार कापली गेली नाही. मग तारांना पीळ दिला, स्विचच्या भोकात सरकवून स्क्रू आवळला आणि बोर्ड सगळ्यांपुढे फिरवला. "हे बघा. स्क्रूखाली तांबं यायला पाहिजे, आवरण नाही. आणि स्क्रूच्या बाहेर उघडं तांबं दिसायला नको. आता वायर ओढा. निघाली तर नापास."

आमचा पहिला नवा निकष तिथल्या तिथे तयार झाला. दिलेल्या बोर्डावर एक दिवा-एक स्विच जोडणी करतो. फेज स्विचमधून नेतो, न्यूट्रल थेट होल्डरला देतो. टर्मिनलबाहेर उघडं तांबं राहत नाही. हलक्या ओढीनं वायर निसटत नाही. पुरवठा सुरू करण्यापूर्वी मीटरनं तपासतो. यातली प्रत्येक गोष्ट परीक्षकाला डोळ्यांनी दिसते. 'समजते' दिसत नाही, म्हणून मग त्याचे गुण तोंड बघून पडतात.

दुपारभर आम्ही हेच करत होतो. 'जाणतो', 'महत्त्व ओळखतो', 'दृष्टिकोन विकसित होतो' असे शब्द खोडायचे आणि त्या जागी मूल नेमकं काय करताना दिसलं पाहिजे ते लिहायचं. काम कंटाळवाणं होतं आणि तिथेच खरी मारामारी होती. अभ्यासक्रमात नवीन काय घालायचं, याची यादी कुणीही अर्ध्या तासात करून देतो. ड्रोन घाला, थ्री-डी प्रिंटर घाला, इलेक्ट्रिक स्कूटर घाला. तेच काम मुलानं कोणत्या साहित्यावर, किती वेळात, कुठल्या अटीत करून दाखवायचं, हे लिहायला बसलं की यादी आपोआप आखडते.

किटकॅटचा वाद दुसऱ्या सत्रात पेटला. जुन्या अभ्यासक्रमात फ्यूज बांधण्याचं प्रात्यक्षिक होतं. चिनी मातीचा तो पांढरा किटकॅट फ्यूज, त्यात योग्य जाडीची तार बांधायची. शिल्पनिदेशकांचं म्हणणं, हे काढा. नव्या घरात एमसीबी, म्हणजे जादा भार आला की आपोआप पडणारा स्विच असतो, मुलांना म्युझियम कशाला दाखवायचं? त्यांचा मुद्दा बिनतोड वाटत होता. पण आमच्या भागात शेतातल्या मोटारीच्या पेट्या उघडून बघाव्यात. स्टार्टर, लाइट आली की मोटार आपोआप सुरू करणारा 'ऑटो' आणि वर तीन किटकॅट. फ्यूज उडाला की घरातला जो कुणी रानात असेल तो वायरीतल्या दोन-चार तारा पिळून त्यात कोंबतो. तो फ्यूज मग कधीच उडत नाही, मोटार जळते. नववीतलं पोरगं रात्रीच्या पाळीला वडिलांबरोबर पाणी द्यायला जातं, तेव्हा त्याच्या समोर एमसीबी नसतो, किटकॅट असतो.

शेवटी किटकॅट राहिला, पण वेगळ्या निकषासकट. फ्यूज बांधता येणं एवढंच पुरेसं नाही. 'फ्यूजमध्ये जाड तार टाकल्यास काय होते ते जोडणी दाखवून सांगतो' असं जोडलं. एमसीबीला स्वतंत्र जागा मिळाली. त्याच्या शेजारी आरसीसीबी, म्हणजे करंट गळू लागला की पुरवठा तोडणारा स्विच आला, तो जुन्या कागदावर नव्हताच. हा मला सगळ्यांत महत्त्वाचा बदल वाटतो. एमसीबी वायर वाचवतो, जादा भार किंवा शॉर्ट झाला की पडतो. माणसाच्या अंगातून जाणारा करंट त्याला पाडायला फार थोडा असतो. ३० मिलिअँपिअर गळतीला पडणारा आरसीसीबी माणसासाठी असतो. घरात एमसीबी बसवला म्हणजे शॉक लागणार नाही, असं मुलंच काय, पालकसुद्धा धरून चालतात. त्यावर निकष झाला: आरसीसीबीची जोडणी करतो, टेस्ट बटण दाबून तो पडतो की नाही ते पाहतो, न पडणारा बदलायला हवा असं नोंदवतो.

वायरींच्या मापाचं तेवढं झटपट झालं. गावातले वायरमन अजून 'वन एटीन', 'थ्री ट्वेंटी' म्हणतात, दुकानात वायर मिळते ती दीड, अडीच, चार चौरस मिलिमीटर. नवं माप लिहायचं, जुनं तोंडी सांगायचं. पाच मिनिटांत संपलं.

सिरीज बोर्डावर मात्र गाडी पुन्हा अडली. प्रत्येक वायरमनकडे असतो तो: फिलामेंटचा दिवा सिरीजमध्ये जोडलेला बोर्ड. शंका असलेला पंखा त्यावर लावायचा. दिवा पूर्ण पेटला तर शॉर्ट, मंद पेटला तर ठीक, पेटलाच नाही तर कुठेतरी तुटलंय. ही रचना चालते ती फिलामेंट करंट अडवतं म्हणून. एलईडी बल्बच्या आत इलेक्ट्रॉनिक सर्किट असतं, त्यामुळे तो सिरीजमध्ये कधी लुकलुकतो, कधी भलतंच सांगतो. आणि तालुक्याच्या दुकानात आता शंभर वॉटचा जुना दिवा मागितला की दुकानदार आपल्याकडे निरखून बघतो. आम्ही मल्टिमीटरची सलगता तपासणी, म्हणजे तार मध्ये कुठे तुटलेली नाही ना ते मीटरवर बघणं, सक्तीची केली आणि सिरीज बोर्ड फक्त प्रशिक्षकानं दाखवायचा, मुलांनी हात लावायचा नाही, असं ठरवलं. ठेकेदारांना हे पटलं नाही. "मीटरची बॅटरी उतरली की तुमची पोरं बसणार हातावर हात ठेवून," म्हणाले. त्यांचं मत इतिवृत्तात नोंदवलं गेलं.

सौर ऊर्जेवर सगळ्यांचा उत्साह. फेब्रुवारी २०२४ मध्ये एक कोटी घरांसाठी पीएम सूर्यघर योजना जाहीर झाली, इकडे शेतात सौर पंप बसतायत, म्हणजे बसवणारे हात लागणार. एका प्रशिक्षकांनी तर निकषच लिहून आणला होता: 'छतावरील सौर संच बसवतो.' दहावीतलं मूल! छतावरच्या संचात पॅनेल सिरीजमध्ये जोडली की काही शे व्होल्टचा डीसी तयार होतो, आणि ऊन आहे तोवर पॅनेलचं बटण बंद करता येत नाही. शिवाय १४ ते १८ वयाच्या मुलांना धोकादायक कामावर ठेवायला कायद्यानं बंदी आहे, आणि वायरमनचा परवाना वेगळाच. शालेय निकषांनी कारागीर घडवल्याचा आव आणू नये, हे माझं मत मी तिथे जरा जोरात मांडलं. दहावीच्या मुलानं कारागिराच्या हाताखाली सुरक्षितपणे उभं राहावं, पुढे शिकायची वाट उघडी असावी, इतकं खूप आहे.

म्हणून आम्ही ते एका छोट्या, बारा व्होल्टच्या कामाच्या पॅनेलवर आणलं. मोकळ्या पॅनेलला मीटर लावला की उन्हात एकवीसच्या आसपास व्होल्ट दिसतात. मग डीसी पंखा जोडायचा आणि पॅनेलच्या एका कोपऱ्यावर तळहात धरायचा. पंखा लगेच मंदावतो. एवढ्याशा सावलीनं एवढा फरक का पडतो, हा प्रश्न मुलं न सांगता विचारतात. पॅनेलचा कोन मोजायचा, आमच्या अक्षांशाला साधारण १९ अंश, तोंड दक्षिणेकडे. पुसलेलं आणि धुळीचं पॅनेल यांची तुलना करायची. एवढ्यात मूल बरंच शिकतं आणि कुणाला शॉक लागत नाही.

शेजारच्या टेबलावर गृह-आरोग्य गट रक्तगटावर अडला होता, तो वाद आमच्यापर्यंत ऐकू येत होता. आयबीटीत मुलं पूर्वीपासून रक्तगट आणि हिमोग्लोबिन तपासायला शिकतात. बोट टोचून काचपट्टीवर तीन थेंब, त्यावर अँटी-ए, अँटी-बी, अँटी-डी, आणि गुठळी कुठे होते ते बघायचं. आमच्या शाळेतलं सर्वांत लोकप्रिय प्रात्यक्षिक हेच. पण २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांप्रमाणे वापरलेली लॅन्सेट, म्हणजे बोट टोचायची सुई, आरपार न जाऊ देणाऱ्या पांढऱ्या डब्यात गेली पाहिजे, रक्ताचा कापूस पिवळ्या पिशवीत, आणि ते सगळं रीतसर विल्हेवाट लावणाऱ्याकडे. शाळेत तो डबा कोण ठेवणार, उचलणार कोण? शेवटी टोचणं आरोग्य केंद्राच्या कर्मचाऱ्यांच्या हाती गेलं. मुलांकडे निरीक्षण, नोंद, उंची-वजन आणि रक्तदाब राहिला. निर्णय बरोबर आहे आणि मला तो आवडलेला नाही. स्वतःचा रक्तगट स्वतः शोधलेल्या मुलाचा चेहरा ज्यानं पाहिलाय त्याला हे कळेल.

ए-फ्रेमवरही कुणीतरी फुली मारली होती, मोबाइलवर सगळं होतं म्हणून. तीन काठ्या, एक दोरी, एक दगड यांच्या त्या चौकटीनं डोंगरउतारावर समतल रेषा आखता येते आणि त्या रेषेवर चर खणले की पाणी मुरतं. राळेगणसिद्धीच्या तालुक्यातून आलेला मी हे कसं ऐकून घेणार? ती फुली मी मागे घ्यायला लावली. मोबाइलचं जीपीएस कुठे आहात ते सांगतं, पण उतारावर दोन पावलांमधला चढ त्यात नीट सापडत नाही.

मसुदा घेऊन आम्ही आपापल्या शाळेत परतलो, कारण तो मुलांवर करून बघायचा होता. ही पायरी कुणी सुचवली ते आठवत नाही, पण ज्यांनी सुचवली त्यांचे आभार. दिवा-स्विचची जोडणी दहावीतल्या मुलांना दिली. सर्वांत आधी पूर्ण केली ती एका मुलीनं. तिचा भाऊ गावात फिटिंगची कामं घेतो. तिची जोडणी निर्दोष होती, पण तिनं मीटर न लावता थेट बटण दाबलं. दिवा लागला, वर्गानं टाळ्या वाजवल्या. नव्या निकषांप्रमाणे तिचे गुण कापले गेले. ती भांडायला आली: "सर, दिवा लागला ना? मग?" मी तिला निकषांचा कागद दिला. तिनं तो वाचला आणि म्हणाली, "मग हे आधी फळ्यावर लिहा की." तिचं खरं होतं. मसुद्यात त्यामुळे एक ओळ वाढली: निकष प्रात्यक्षिकापूर्वी विद्यार्थ्यांना दाखवावेत.

वेळेचं गणित तिथेच उघडं पडलं. श्रेयांकाच्या नव्या आराखड्यात ३० तासांना एक श्रेयांक. कागदावर तास ६० मिनिटांचा, आमची तासिका त्यापेक्षा खूपच आखूड. त्यातून साहित्य काढणं, मोजणं, वाटणं, परत मोजून ठेवणं वजा करा. शेवटची पक्कड सापडेपर्यंत मी मुलांना सोडत नाही. जोडतासिका नसेल तर प्रात्यक्षिक अर्ध्यात थांबतं आणि अर्धवट उघडा बोर्ड पुढच्या आठवड्यापर्यंत भिंतीवर लटकतो. आम्ही 'सलग दोन तासिका' ही अट प्रात्यक्षिकाच्या रकान्यातच लिहिली. वेळापत्रकाच्या सूचनांत लिहिली असती तर ती कुणी वाचली नसती.

बाहेरच्या परीक्षकाचाही विचार करावा लागला. तो एका दिवसासाठी येतो आणि समोर अख्खी तुकडी. आमच्या पहिल्या मसुद्यात इतके निकष होते की एकेका मुलाला पुरता वेळ द्यायचा तर परीक्षकाला मुक्कामच करावा लागला असता. मग निवड केली. सुरक्षेचे निकष न चुकता पाहायचे, त्यात चुकलं तर बाकीचे गुण धरायचे नाहीत. बाकीच्यांपैकी काही वर्षभराच्या नोंदवहीतून, काही त्या दिवशी चिठ्ठी उचलून. मॅडमनी ही वाटणी फार कौशल्यानं केली. प्रत्येक निकषापुढे त्या एकच प्रश्न विचारायच्या: "हे परीक्षकाला कुठे उभं राहून दिसेल?" उत्तर नसेल तर तो नोंदवहीत.

आता अंतिम मसुदा वर गेलाय आणि त्यावरच्या टिप्पण्या आल्या आहेत. बहुतेक शब्दांच्या. एक मात्र साहित्ययादीवर आहे. आम्ही वीस मुलांच्या तुकडीला पाच आरसीसीबी मागितले होते, तिथे खोडून 'प्रात्यक्षिकापुरता एक' केलंय. आम्ही उलट लिहिलं आहे: निकष 'जोडणी करतो' असा आहे, एकानं ते होणार नाही. एकच द्यायचा असेल तर निकष 'जोडणी पाहतो' करावा आणि गुणही तेवढे कमी करावेत. उत्तर अजून यायचं आहे.

दरम्यान ठेकेदारांना फोनवर हे सांगितलं, तर त्यांनी एका जुन्या इमारतीतून काढलेले चार आरसीसीबी एसटीच्या पार्सलनं पाठवून दिले. त्यांतले दोन टेस्ट बटण दाबलं तरी पडत नाहीत. त्यांवर लाल पट्टी चिकटवून वेगळ्या खोक्यात ठेवलेत. न पडणारा ओळखायचा हा निकषच आहे, त्यासाठी असे दोन कुठूनतरी आणावेच लागले असते.